मोहाखालचं गवत

शाळेच्या भिंतीवर निसर्गचित्र काढायचं ठरलं तेव्हा मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं, फाटकासमोरचा मधला भाग माझा. लोणखेड्याजवळच्या या शाळेत अठरा वर्षं चित्रकला शिकवते आहे, तेवढा हक्क होताच. बाकीची भिंत गावाची. केळीवाले शेतकरी, कॉलेजची पोरं, बचतगटाच्या बायका, ज्याला जे जमेल ते त्यानं रंगवावं.

मधोमध मी मोह काढला. हिरवागार, भरगच्च, पानापानांत पिवळसर फुलं. दोन दिवस मान मोडून काम केलं. तिसऱ्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि झाडाकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. त्या धडगावकडच्या डोंगरातल्या. घरी पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी.

"बाई, मोहले फुलं येतस तवय पानं नही ऱ्हातस."

मुलंही हसली. त्यांतली निम्मी डोंगरातलीच. मुख्याध्यापक म्हणाले, "मग मावशींनाच काढू द्या की!" आणि माझ्या झाडावर चुना फिरला.

मावशींनी ब्रश घेतलाच नाही. काडीला चिंधी गुंडाळली आणि सुरू झाल्या. उघड्या फांद्या, टोकांना फुलांचे झुबके, खाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका. एक रेघ अडखळली नाही. मला नुसतं वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझा जळफळाट झाला. चित्रकलेच्या सगळ्या परीक्षा दिल्या मी, आणि गर्दी त्या काडीभोवती! फोटो काढायला आलेला एक पालक मलाच म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हता का?" झाले बाजूला.

झाडाखाली मावशींनी नुसता मातीचा रंग दिला. हे मोकळं का, मी विचारलं. फुलं गळायच्या आधी झाडाखालची जमीन झाडून लख्ख करतात, त्यांनी सांगितलं. गवतात पडलेलं फूल हाती लागत नाही, वेचणाऱ्या बाईची सकाळ वाया जाते. मी मान डोलावली. मला नीट कळलं होतं.

दुपारी त्या खिचडीकडे गेल्या. मी हिरव्या रंगाचा डबा उघडला आणि त्या मातीवर गवत काढलं. दाट, गुडघाभर. मधे चार रानफुलंही काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझा हात मोकळा चालला.

मावशी परत आल्या तेव्हा टोपलीवाल्या बायका गवतात बुडाल्या होत्या. बचतगटातली एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई काय करं बाईसनी?"

"बाईसले नका बोलू," मावशी म्हणाल्या. "मन्हंच चुकनं. माले नीट सांगता उनं नही. त्यासनी कधी मोह येचेल शे का?"

आणि ओली चिंधी घेऊन त्या गवत पुसायला बसल्या.

'मला माहीत होतं', एवढंच म्हणायचं होतं. पण मग का काढलं, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "हो ना मावशी, मला कुठं ठाऊक."

त्यांनी दुसरी चिंधी माझ्या हातात दिली. मी शेजारी बसले. मग मोह कसा वेचतात हे त्या मला सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून, अगदी सावकाश समजावू लागल्या.