मंजुळाच्या जागी सावडीला

जव्हारच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा मी रागानं धुमसत होते. राग मंजुळावर होता आणि तिच्या आईबापांवर त्याहून जास्त. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कोर्टवर मी टेनिसच्या खाजगी शिकवण्या घेते. येणाऱ्यांतली निम्मी मुलं आईच्या धाकानं येतात आणि घड्याळाकडे बघत खेळतात. मंजुळा तिथं झाडलोट करणाऱ्या मावशीकडे राहून अकरावीत शिकते. तिला मी आपणहून शिकवते, कारण तिच्या हातात चेंडू खेळतो, आणि असा हात मला फार वर्षांनी भेटला.

रविवारी ठाण्यात जिल्हा संघाची निवड होती. आणि ही भातकापणीला म्हणून गावी गेली ती गेलीच. फोन लागेना. रविवारी हजर नसली तर तिचं खेळातलं वर्ष बुडणार होतं. म्हणून शुक्रवारी मीच निघाले, तिचा कान धरून आणायला.

जव्हारला उंचावरची मोकळी हवा होती, बाजार गजबजलेला होता, चहा झकास होता. माझं कशात लक्ष नव्हतं. मोखाड्याची गाडी कधी सुटणार विचारलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "ड्रायव्हर जेवतोय ताई. जेवू द्या की त्याला." मी बाकावर जाऊन बसले. पुढं वळणावळणाचा रस्ता, उतारावर पिवळं झालेलं भात, वरच्या अंगाला नागली (नाचणी). मोखाड्याहून पोशेऱ्याची जीप मिळाली. मंजुळाचं नाव सांगितल्यावर जीपवाला हसला. "ती बॅटवाली? ती घरी नाय भेटायची आता. सगळी रानात."

शेतात बायामाणसांची एक लांब ओळ वाकून भात कापत होती. मधोमध मंजुळा. तिनं मला पाहिलं, लाजली, पण विळा काही खाली ठेवला नाही. तिची आई पुढं आली. "बाई, तू कशी आलीस इतक्या लांब? बस, पाणी पी." इथं लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात.

मी पाणी प्यायच्या आधीच तोंड सोडलं. पोरीचं भलं कळत नाही का, तिला शेतात कसलं राबवता, सगळं बोलून घेतलं. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे आमचं शेत नाय बाई. आमचं कापून झालं. तेव्हा ही सगळी आली होती. आता यांच्याकडे आमच्या घरचं माणूस नको?"

याला सावड म्हणतात (आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबायची रीत). मंजुळाच्या बापाचा पाय मोडून तो घरात पडला होता. आई स्वतःच्या वाट्याला उभी होती, बापाच्या जागी मंजुळा. ती निघून गेली तर पुढच्या साली मंजुळाच्या घरच्या शेतात कोण येणार?

"मग मजूर लावा. पैसे मी देते," मी म्हटलं. ओळीतल्या दोघीतिघींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आई हळूच म्हणाली, "सावडीत पैसे नाय चालत. माणूस लागतो."

मी रेंजसाठी खडकावर चढले आणि निवड घेणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. तारीख पुढं ढकला म्हटलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, सध्या कुणाला काही काम नसतं, म्हणून तर हा रविवार धरला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर अख्खा तालुका कंबरेत वाकला होता आणि म्हणे कुणाला काम नसतं! यांच्या ताटात भात काय आभाळातून पडतो?

खडकावरून उतरले ती सरळ ओळीत जाऊन उभी राहिले. "माणूसच लागतो ना? मी आहे. मंजुळा, सकाळची पहिली गाडी पकड."

"मॅडम, तुम्हाला नाही जमायचं," मंजुळा म्हणाली. ते ऐकून तर मी विळा हिसकावूनच घेतला. शेत लखमीआजीचं होतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उभी राहू दे. हौस हाये तर."

हौस! शनिवारी दुपारपर्यंत कंबर धरली आणि बोट कापलं. आजीनं कसलासा पाला चुरगळून त्यावर दाबला. जेवणाला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती, इतकी चवीची की मला रागाचा विसर पडला. शेजारची बाई मात्र माझी मागं राहिलेली ओळ बघून हसत होती, आणि मी तिच्यावर मनातल्या मनात चरफडत होते.

रविवारी ऊन कलताना खडकावर ठेवलेला फोन वाजला. मंजुळा होती. "मॅडम, घेतलं मला." मी तिथंच बसून रडले. तिच्या आईनं विळा छातीशी धरला, डोळे पुसले आणि पुन्हा वाकली.

संध्याकाळी लखमीआजीनं निकाल दिला. "बाईची अर्धी सावड धरली. उरलेली मंजुळा येऊन करील."

"अर्धी?" माझा आवाज चढला.

"पोरीपेक्षा निम्मंच कापलंस तू," आजी शांतपणे म्हणाली. "आता आणि कुठं खेळायचंय तिला?"

मी जिल्हा संघाच्या सराव शिबिराची तारीख सांगितली. आजी हसली. "तवा तर झोडणी (भाताचे दाणे झोडून काढायचं काम). मंग कोण येईल?"

ठाण्यात परतून आठवडा झाला, कंबर अजून सरळ होत नाही. सोसायटीतल्या बायका विचारतात, त्या मुलीला फुकट शिकवून तुम्हाला मिळतं तरी काय? त्यांना काय सांगणार, कप्पाळ! मी एवढंच कळवलंय की झोडणीच्या दिवसांत शिकवण्या बंद राहतील. पालक चिडलेत. चिडू देत. या खेपेला आजीनं मला पूर्ण माणूस धरल्याशिवाय मी शेतातून हलणार नाही.