पाद्रीबाबांना मिळालेली भेट
वेलदोडा घातलेल्या चहाचा वास आला की ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. एका परदेशी ग्रंथालयासाठी मी घरूनच जुने कागद टाइप करायचे: अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हाच्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्र्याची डायरी आणि पत्रं. पानोपानी प्रार्थना, पापाची भीती, आजाऱ्यांची विचारपूस. तो म्हातारा मला आवडायला लागला होता, आणि शाळेतून आलेल्या मुलीला मी रोज त्याची खबर द्यायचे. त्या दिवशी म्हटलं, "पाद्रीबाबांना गावकऱ्यांनी भेट दिलीय, ओळख काय?" एसीखाली मोजे काढत ती म्हणाली, "हॉर्स? नो, क्लॉक." हसत मी पुढची ओळ वाचायला घेतली. देवाचे आभार मानून त्यानं लिहिलं होतं की हा तरुण धडधाकट आहे, समजूतदार दिसतो, आणि आपण त्याचं नाव बदललं आहे. ती ओळ मी तीनदा वाचली. भेट म्हणून माणूस आला होता. "आई, टेल मी ना," मुलगी मागेच लागली. वेलदोड्याचा चहा कपात गार झाला होता. शेवटी म्हणाले, "घड्याळ." आता ती कॉलेजात आहे. तिला अजून वाटतं, ते घड्याळच होतं.