गोचीड तापातल्या गाईचं हळदकुंकू

आमच्या गावात माझी ओळख 'हेडी परत धाडणारी' अशी आहे. काही जण हे कौतुकानं म्हणतात, बहुतेक जण तसं म्हणत नाहीत. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. तो दारात आला म्हणजे गिऱ्हाईक आलं, आणि दारातलं गिऱ्हाईक बाईमाणसानं घालवायचं नसतं असा आमच्याकडचा समज. मी घालवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन. लोक ही गोष्ट अर्धीच सांगतात, म्हणून मी एकदा पुरती सांगून टाकते.

आमचं गाव चौसाळ्यापासून जरा आत आहे. रान कोरडवाहू, सोयाबीन नाहीतर तूर, आणि तेवढ्यावर भागत नाही म्हणून घरोघरी एखाददुसरी जर्सी गाय. आमच्याकडे होती ती माझी. माझी म्हणते ते उगाच नाही. माझ्या भावानं ती कालवड असताना मला दिली होती आणि तिला मोठी मी केली. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभाव एक नंबर खट. माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. नवऱ्यानं बादली घेऊन जवळ जायचं आणि लाथ खाऊन परत यायचं, यावरून मी त्यांना भरपूर चिडवलेलं आहे.

तिचं दूध बरं चाललंय म्हणून एका उन्हाळ्यात नवऱ्यानं आष्टीकडून दुसरी गाय घ्यायची ठरवलं. पाहायला मीही गेले होते. आमच्या भागात गाय विकताना घरच्या सवाष्णीनं तिला हळदकुंकू लावावं लागतं, त्याशिवाय गाय उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. त्या घरच्या बाईनं कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला आणि ती रडायला लागली. पदरानं डोळे पुसत आत गेली, आमच्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. केवढी माया, असं मला वाटलं. घरी येऊन मी ते चार जणींना सांगितलंही.

त्या नव्या गाईच्या कानात गोचिडांचे घोस होते. पण गोचीड कुठल्या गाईला नसतात? आमच्या सासूबाई रोज दुपारी गुरांजवळ बसून गोचीड काढायच्या, फुगलेले, एरंडीच्या बीएवढे. काढायच्या आणि भिंतीवरून पलीकडे उकिरड्यावर टाकायच्या, जिवंतच. मारायच्या नाहीत. कारण गोचिडाच्या पोटात गाईचं रक्त असतं, आणि गाईचं रक्त भुईवर सांडायचं नाही. त्यांच्या सासूनं त्यांना असंच शिकवलेलं आणि त्यांनी ते मला शिकवलं.

नवी गाय पंधरवड्याच्या आतच बसली. अंगात ताप, खांद्यापुढे गाठी, धाप लागलेली. भावकीतल्या एका शहाण्यानं सांगितलं, गाठींना डाग द्या. तापल्या विळ्यानं डागल्या. बिचारी ओरडलीसुद्धा नाही, तेवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर पोचले तोवर ती शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि गाठी चाचपून म्हणाले, हा गोचीड ताप आहे. गोचिडाच्या थुंकीतून रोगाचे जंतू गाईच्या रक्तात जातात. आपली गावरान गुरं बऱ्याचदा तगतात, जर्सी तगत नाही. आणि पोट भरलेला गोचीड अंगावरून गळून पडला की भिंतीच्या भेगेत शिरतो, हजारोंनी अंडी घालतो. उकिरड्यावर टाकला म्हणजे तो गेला असं समजू नका, तो परत तुमच्याच गोठ्यात येतो, असंही ते म्हणाले. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

ती गाय मेली. आणि मग माझी गाय चरायची थांबली.

कान पडलेले, डोळे पाणावलेले, मानेला लिंबाएवढ्या गाठी. जी पायाजवळ कुणाला उभं करायची नाही तिच्या कासेला नवऱ्यानं हात लावला आणि ती नुसती उभी राहिली. डॉक्टरांनी खास इंजेक्शन सांगितलं. ते दवाखान्यात संपलेलं होतं, बीडहून आणावं लागणार होतं, आणि आणलं तरी जगेलच असा शब्द द्यायला ते तयार नव्हते. नवरा घाबरला. एक गाय गेली होती, दुसरी डोळ्यांदेखत चालली होती. त्यांनी मला न विचारता हेडीला फोन केला.

हेड्यांची एक युक्ती असते. आजारी जनावराला नुसतं ताप उतरायचं इंजेक्शन द्यायचं. दिवसभर ते बरं दिसतं, दोन घास खातं, आणि तेवढ्यात त्याचा सौदा उरकायचा. फोनवर हेडीनं तेच सांगितलं आणि नवऱ्यानं सकाळी तेच केलं. दुपारी हेडी नवं दावं खांद्यावर टाकून आला. टॉवेलाखाली दोघांची बोटं हलली, सौदा ठरला. मला बाहेरून हाक आली की हळदकुंकू घेऊन ये.

मी करंडा हातात घेतला. खरं सांगते, घेतला होता. नवऱ्याचं तोंड पाहवत नव्हतं आणि गाय दारात मरताना पाहायची माझीही तयारी नव्हती. पण करंड्याचं झाकण उघडलं आणि आष्टीकडची ती बाई डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे न बघता आत गेली ती. आत्ता मला उमगलं. मायेनं रडत नव्हती ती, तिला माहीत होतं. गाय कशानं आजारी आहे हे ठाऊक असताना तिनं कुंकू लावलं होतं, आणि आमच्या गोठ्यात ताप धाडला होता. माझं डोकं असं भणभणलं की मी करंडा परत कोनाड्यात ठेवला आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

मी हेडीला विचारलं, कुठं नेणार हिला. तो म्हणाला, चकलांब्याकडे एक घर आहे, त्यांना दुधाची गाय पाहिजे. त्यांना सांगितलंय का हिला काय झालंय, असं विचारल्यावर तो हसला.

"वैनी, सगळं सांगत बसलं तर बाजारच भरायचा न्हाई."

"मग मी कुंकू लावीत न्हाई," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "कावून?"

"हिला गोचीड ताप हाय. त्या घरच्या गाईंनाबी होईल. आपल्याला असंच कुणीतरी हळदकुंकू लावून दिलं, तेच मी दुसऱ्याच्या दारात धाडायचं का?"

मी हे हळू बोलले नाही. शेजारच्या भिंतीवरून दोनतीन डोकी वर आली. नवऱ्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. सासरे गेल्यापासून सासूबाईंच्या कपाळाला कुंकू नव्हतं, म्हणजे घरात सवाष्ण मी एकटी. विधवेच्या हातचं कुंकू चालत नाही ही रीत मला अजिबात आवडत नाही, आणि सासूबाईंना ती किती लागते हे मी रोज पाहत आलेय. पण त्या दिवशी त्याच रीतीनं मला दोर हातात दिला आणि मी तो सोडला नाही. हेडी म्हणाला, शेजारच्या जावेला बोलवा की. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"दुसऱ्या चुलीची बाई चालत न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

खरोखरच रीत तशी होती की त्यांनी ती त्या क्षणी केली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. हेडीनं दावं खांद्यावर टाकलं, मोटारसायकलला किक मारली आणि जाताना नवऱ्याला म्हणाला, "तुमच्या घरात कारभारी कोण हाय ते आदी ठरवा." त्याला आमच्याकडचं पाणीसुद्धा मी विचारलं नाही.

अंधार पडायच्या आत हेडीनं गावभर केलं. आमच्या गाईला गोचीड ताप आहे, आमच्या गोठ्याकडे फिरकू नका. शेजाऱ्यांनी आपली गुरं लांब नेऊन बांधली. नवऱ्याला ती बेअब्रू वाटली. मला वाटलं, चला, निदान चारपाच गाई वाचल्या. माझी बदनामी करता करता हेडीनंच गावाला सावध केलं, याबद्दल त्याचे आभार मानायला पाहिजेत असं मी म्हटलं, तेव्हा नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एवढंच म्हणाला होता की मेली तर तुझ्या माथ्यावर. मी म्हटलं, माझ्याच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बीडला जाऊन इंजेक्शन मी आणलं. डॉक्टरांनी ते मानेत खोलवर टोचलं, आढ्याला सलाईन टांगलं. औषध चालू आहे तोवर दूध डेअरीला घालू नका म्हणाले. जे काय वाटीभर निघत होतं ते मी ओतून दिलं. गाय आणखीच खालावली. एका कुशीवर पडू नये म्हणून मी भुसा भरलेली पोती तिच्या दोन्ही बाजूंना लावली आणि तिथंच बसून कानातले, शेपटीखालचे, सडांमागचे गोचीड काढत राहिले. काढला की दगडावर ठेवायचा आणि दुसऱ्या दगडानं ठेचायचा. दगड काळालाल झाला. सासूबाई दारातून बघत होत्या.

"गाईचं रगत हाय गं त्यात," त्या म्हणाल्या.

"हाय ना. तिच्या अंगात पायजे होतं ते."

मी असं बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. म्हणोत. मला राग आला होता आणि तो राग खरा होता. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. सकाळी डॉक्टरांनी तो दगड पाहिला आणि मलाच झापलं. उघड्या हातानं गोचीड चिरडायचा नसतो, त्यातून माणसालाही आजार होऊ शकतो. डब्यात औषधाचं पाणी घ्या आणि त्यात टाका, रक्त सांडायचा प्रश्नच नाही. माझी अशी खरडपट्टी निघताना सासूबाईंच्या तोंडावर जे समाधान उमटलं ते मी विसरणार नाही. तेलाचा रिकामा डबा त्यांनीच आणून दिला.

मग मी गोठ्याच्या मागे लागले. दगडी भिंतीच्या भेगांत फवारा मारला, सिमेंटनं भेगा बुजवल्या, उकिरडा उचलून लांब नेला. एकट्या आमच्या गोठ्यात फवारून काही होणार नव्हतं, म्हणून गल्लीत दारोदार गेले की सगळ्यांनी एकाच दिवशी फवारा. निम्म्यांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, नवऱ्याला गप केलं, आता गल्लीला शिकवायला निघाली. त्यांच्या अंगणात मी पंप तसाच ठेवून यायची. काहींनी शेवटी लाजेकाजेनं मारला, काहींनी तो पंप बाजूला सारून ठेवला.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन पुन्हा दिलं. त्यानंतरच्या एका सकाळी मी चहा ठेवत होते आणि गोठ्यातून नवऱ्याची शिवी ऐकू आली, पाठोपाठ बादली गडगडल्याचा आवाज. धावत गेले. गाय उभी होती आणि नवरा मांडी चोळत होता. तिनं त्यांना लाथ घातली होती. मी हसायला लागले, हसता हसता तिच्या मानेला मिठी मारून रडले, आणि नवराही शेवटी हसला. कुडता झटकत म्हणाला की हिला काही झालेलं नाही, नुसतं नाटक होतं.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर गाव मला शहाणी म्हणालं असतं. पण डॉक्टर शेवटचं तपासायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं की गाय बरी झाली तरी जंतू तिच्या रक्तात दबून राहू शकतात. तिला चावलेला गोचीड दुसऱ्या गाईला चावला तर तिला ताप येऊ शकतो. म्हणजे हिच्या अंगावर गोचीड राहता कामा नये, आज नाही, कधीच नाही. दूधही तिचं पहिल्यासारखं आलं नाही.

गाय भरून आली, कातडी चकाकायला लागली, तसा नवऱ्यानं तिचा फोटो गुरांच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मला हे कळलं ते गिऱ्हाईक दारात आल्यावर. बापलेक होते, साधी माणसं. म्हातारा गाईच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि लेकाला म्हणत होता की जनावर गुणाचं दिसतंय. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिले. ह्या खेपेला मी तोंड उघडलं नाही. नवऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी गाईच्या शिंगाला हात लावला. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, हिला गोचीड ताप येऊन गेलाय. रक्तात अजून आसंल. तुमच्या घरी दुसरी गुरं आस्तील तर नेऊ नका."

म्हातारा हात जोडून गेला. बापलेक फाटकाबाहेर पडले तसा नवऱ्यानं समोरची पाटी लाथेनं उडवली.

"झालं समाधान? आता मरस्तोर ही आपल्याच दावणीला."

"हां, आपल्याच," मी म्हटलं. "पंप भरून ठेवलाय. तेवढं शेपूट धरा."

त्यांनी धरलं.