वळणावरची शाई

माझ्या नवऱ्याचा कुणावरच विश्वास नाही. हे मी तक्रार म्हणून नाही, त्यांची ओळख म्हणून सांगते. ते विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतात, पण कलबुर्गीपासून बीदरपर्यंतची पोरं त्यांना ओळखतात ती परीक्षेतल्या भरारी पथकामुळं. बुटाच्या तळव्यात, कंपासपेटीच्या झाकणाखाली, पाण्याच्या बाटलीच्या कागदामागं, कुठंही लपवलेली चिठ्ठी ते बाहेर काढतात. घरी आले तरी पथक चालूच असतं. गॅसचं सिलेंडर उचलून बघणार, दुधात बोट बुडवून बघणार, भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणार. मीही काही भोळी नाही. इतकी वर्षं अशा माणसाबरोबर काढल्यावर मलाही तो गुण लागलाय, आणि माझा संशय बहुतेक वेळा त्यांच्यावरच असतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही राहतो त्या विद्यापीठाच्या आवारातल्या लोकांनी मिळून एक दौड ठरवली. कर्णबधिर मुलांच्या वसतिगृहाला मदत म्हणून. अंतर तीन किलोमीटर: मुख्य इमारतीपासून निघायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, तिथं वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा गट होता. मी नाव दिलं.

"तू पळणार? कामून?" नवऱ्यानं विचारलं.

"असंच."

"असंच कोण पळत नसतंय."

खरं कारण सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं. अफजलपूरला शाळेत असताना मी उसाच्या बांधावरून पळत जाऊन बस गाठायची. ड्रायव्हर आरशात मला बघून हसायचा, पण थांबायचा नाही, आणि तरीही मी गाठायचीच. लग्नानंतर पळायचं कारणच कुणी दिलं नाही. आता मिळालं होतं, तर मला ते सोडायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, लोकांदेखत शेवटपर्यंत पळून दाखवायचं होतं.

पहाटे साडीचा पदर खोचून, पायात बूट घालून मी सराव सुरू केला. आवारात लगेच चौकशा सुरू झाल्या. शेजारणीनं हळूच विचारलं, "अक्का, शुगर निघाली की काय?" दुसरीला वाटलं, घरात भांडण झालंय. एका पहाटे मागून स्कूटरचा आवाज आला. दिवा बंद. मी थांबले आणि वळून बघितलं, तर घरचेच.

"काय करायलाव?"

"गाडी किती ॲव्हरेज देती बघायलोय."

"दिवा न लावता?"

ते स्कूटर दामटत पुढं निघून गेले. मी कुठं जाते, कुणाला भेटते, की नुसतीच बाकावर बसून परत येते, हे त्यांना तपासायचं होतं.

दौडीच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना सुनावलं, की लायब्ररीच्या मागं सुबाभळीतून पायवाट आहे, निम्मे लोक तिथूनच वळणार आणि टाकीपर्यंत कुणीच जाणार नाही. म्हणून टाकीपाशी ते स्वतः बसणार. त्यांनी निवडणुकीची ड्यूटी इतक्यांदा केली आहे की उपायही तसाच काढला. पळणाऱ्यानं डावा हात पुढं करायचा, ते आधी बोट तपासणार, मग नखावर शाईची रेघ ओढणार, मग पुढचा. शेवटी बोटावर रेघ नसेल तर दौड मोजायची नाही. शाईचा रंग कोणता, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. मी उगाच विचारून बघितलं तर म्हणाले, "तुलाच कामून पायजे?"

मला मात्र वेगळीच शंका येत होती. हा माणूस मला वळणावर अडवणार. काहीतरी खुसपट काढणार आणि चारचौघांत थांबवून ठेवणार.

दौडीच्या दिवशी ते अंधारातच घरातून गेले. मी साडी नेसायला घेतली आणि ठेवून दिली. सगळ्यांना पिवळे टीशर्ट वाटले होते, त्यांवर वसतिगृहातल्या मुलांनी काढलेली चित्रं होती. आमच्या मुलीची जुनी सलवार, तो टीशर्ट आणि डोक्याला टोपी असा वेष केला. पोत टीशर्टाच्या आत, जोडवी बुटात. हातातल्या पाटल्या सरावात फार वाजायच्या, मनगटाला लागायच्या, म्हणून त्या काढल्या. कपाटाच्या कुलपावर माझा भरवसा नाही. तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवल्या आणि वर डाळ सारखी केली.

त्या मुलांपैकीच एका मुलीनं झेंडा खाली केला आणि आम्ही निघालो. बाकीची मुलं दोन्ही हात वर करून पंजे हलवत होती, ती त्यांची टाळी. सुरुवातीला पोरं धूळ उडवत पुढं गेली. मी माझ्या लयीत राहिले. लायब्ररीपाशी दोघेजण सुबाभळीत शिरताना मला दिसले आणि नवऱ्याचं म्हणणं खरं ठरल्याचा थोडा रागच आला. टाकीच्या चढाला छाती भरून आली, पण पाय थांबले नाहीत. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वळणावर गर्दी होती. टेबल, खुर्ची आणि मान खाली घालून बसलेले आमचे साहेब. हातामागून हात पुढं येत होते. मी माझा हात पुढं केला आणि तयार राहिले, की आता वर बघतील, आता काहीतरी बोलतील. त्यांनी बोट धरलं. उलटसुलट करून बघितलंही नाही. हिरव्या शाईची रेघ ओढली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सावकाश जा, अक्का."

मला हसू आलं. बायकोची बाजू घेतली असं लोकांनी म्हणू नये म्हणून सोंग घेतलंय, असं वाटलं. तेही मला आवडलं. परतीच्या रस्त्यावर मी नक्कीच जोरात पळाले असणार, कारण आमच्या गटात मी दुसरी आले.

शेवटचा माणूस परत आल्यावर साहेब स्कूटरवरून आले. मी लिंबाचं सरबत पीत उभी होते. हातात बक्षिसाचं जास्वंदीचं रोप होतं. त्यांनी ते रोप बघितलं, मग मला बघितलं.

"तू कुठं वळलीस?"

"टाकीपाशी. तुमच्यापाशी."

"मी शेवटपर्यंत तुझी वाट बघितलो. तू आलीच न्हाईस."

मी बोट दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं. "ओली शाई एकाच्या बोटावरनं दुसऱ्याच्या बोटावर जाती," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, परीक्षेच्या हॉलमध्ये बोलतात तसा थंड होता. आजूबाजूला सगळं आवार उभं होतं. तुम्हीच मला अक्का म्हणालात, हे माझ्या ओठावर आलं. पण लोकांदेखत हे सांगायचं कसं? मग ते संयोजकांकडं वळून म्हणाले, "हिचा नंबर काढून टाका. आपल्या घरचंच सोडलो, तर उद्या पोरांना कोणत्या तोंडानं धरू?"

रोप तिसऱ्या बाईंना गेलं. त्या घेईनात, मीच त्यांच्या हातात दिलं. घरापर्यंत मी चालत आले, स्कूटरवर बसले नाही. रडू येत होतं आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण माझ्या बोटाकडं बघतोय असं वाटत होतं.

घरी आल्यावर स्वयंपाक तर करायचाच होता. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर घेऊन बसले. मी डाळीचा डबा काढला, कोपरापर्यंत हात घातला आणि पाटल्या वर काढून टेबलावर ठेवल्या. पेपर खाली आला.

"ह्या हातात नव्हत्या?"

"पळताना वाजतात."

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. लग्न झाल्यापासून तो हात त्यांनी कधी मोकळा बघितला नव्हता. बाळंतपणातही नाही.

"एक हात आला होता," ते शेवटी म्हणाले. "मोकळा. वयस्क बाईचा. मला वाटलं, बिचारीचा नवरा गेला असंल. असल्या बाईवर काय संशय घ्यायचा? म्हून बोट तपासलो न्हाई. वरबी बघितलो न्हाई. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हून."

"तिला अक्का म्हणालाव."

"व्हय."

आमच्यात विधवेला वेगळं मानू नये, यावर हा माणूस दर बसवजयंतीला भाषण देतो. मला आधी राग आला. मग त्या बाईचा हेवा वाटला. इतक्या वर्षांत त्यांनी एका बाईवर डोळे झाकून विश्वास ठेवला, तिच्याशी मऊ बोलले, आणि ती मीच होते, फक्त त्यांच्या मरणानंतरची.

त्यांनी पाटल्या उचलल्या, त्यांवरची डाळीची पूड रुमालानं पुसली आणि माझा हात धरायला आले. मी हात मागं घेतला.

"आधी जाऊन सगळ्यांना सांगून या."

"आता? उद्या सांगतो की."

"आता. सगळे अजून तिथंच असतील."

"आणि काय सांगू? बायकोला वळखलो न्हाई म्हणून?"

"व्हय. तेच."

त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. स्कूटर घेतली नाही. मी घाईनं गच्चीवर गेले. तिथून मुख्य इमारतीचा रस्ता दिसतो आणि लायब्ररीमागची सुबाभूळही दिसते. ते खरंच तिथवर जातात, की मधूनच वळून, सांगून आलो म्हणत परत येतात, हे मी कठड्याला धरून बघत राहिले. पाटल्या खाली टेबलावरच होत्या.