लाल चिठ्ठ्यांची आत्या

माझ्या आत्याने आजवर माणसांना जेवढे धक्के दिलेत, तेवढे डोंबिवलीतल्या सगळ्या खड्ड्यांनी मिळून दिले नसतील. मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात तिने तीस वर्षं माल तपासला. सदोष मालाला लाल चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर कारण लिहायचं, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. दिवाळीत तिने आमच्याकडे चकल्यांचा डबा पाठवला, त्याच्यावर लाल चिठ्ठी: ‘तेल कमी तापलं.’ स्वतःच्याच चकल्या! “कोणी केलं ते लिहायचं नाही, का झालं ते लिहायचं,” हा तिचा नियम.

माझ्या मुलीला, सईला, दहावीच्या पूर्वपरीक्षेत बीजगणितात चाळीसपैकी नऊ मिळाले, तेव्हा मी आत्यालाच बोलावलं. सईने जाहीर केलं होतं, “मी बोर्डाला बसणारच नाही.” माझी झोप उडाली होती. आत्या चार शब्द सुनावेल अशी माझी अपेक्षा. तिने पेपर उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “वा! काय सुंदर चुकलीयेस गं!” मी थक्कच झालो. वर हुकूम सुटला, आठवडाभर नवीन गणित बंद. जुनं चुकलेलंच पुन्हा सोडवायचं आणि प्रत्येक चुकीची चिठ्ठी सईने स्वतः लिहून एका डब्यात टाकायची. रोज घड्याळ लावून चाळीस मिनिटं, आणि शेवटचं गणित मुद्दाम सोपं. “जिंकून उठायचं. हरून उठलं की उद्या बसवत नाही.” परीक्षा दीड महिन्यावर, आणि ही बाई पोरीला सोपी गणितं घालतेय! मी ऑफिसातून येऊन लक्ष ठेवत होतो म्हणून बरं, असं मला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी आत्याने चिठ्ठ्यांचा डबा आमच्या टेबलावर पालथा केला आणि ढीग लावले. ‘चिन्ह विसरले’ हा ढीग लहान. ‘घाई केली’ त्याहून लहान. सगळ्यात मोठ्या ढिगातली चिठ्ठी मी उचलली. सईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बाबा मागे उभे होते.’ दुसरी उचलली, तेच. तिसरीही तीच.

मी म्हणालो, “अगं, पण मी एक शब्दही बोलत नाही!”

सई मान खाली घालून म्हणाली, “बाबा, तुम्ही उसासा टाकता. मग मी खोडते. बरोबर असलं तरी खोडते.”

त्या दिवसापासून चाळीस मिनिटं मी घराबाहेर. सोसायटीला इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमनने बायकोकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली.

सई बोर्डाला बसली. बीजगणितात एकोणतीस! मी आनंदाने आत्याला फोन केला. ती म्हणाली, “तू सातवीत होतास ना, तेव्हा तुझ्या मागे मी उभी राहायचे रे. फुटपट्टी आपटत. आठवतं?”

आत्याचा आवाज असा कापरा मी कधी ऐकला नव्हता. मला सगळं आठवत होतं, फुटपट्टीचा रंगसुद्धा.

“छे, काहीच नाही आठवत,” मी म्हणालो. तीस वर्षं माल तपासलेल्या बाईला ते खोटं कळलं नसेल असं नाही. पण त्या दिवशी तिने ते जाऊ दिलं.