माफीपत्र लिहायचं सोडून न्हावा शेवाला

लोक गोव्याला जाऊन नाचून येतात आणि त्यावर ब्लॉग लिहितात. मी नव्वदच्या दशकात, एका रविवारी, नेरुळहून न्हावा शेवाला जाऊन आले. अंतर म्हणाल तर किरकोळ. पण आयुष्यात मी जितके प्रवास केले, त्यातला घरच्यांनी सर्वात जास्त अडवलेला प्रवास हाच.

आधी भानगड सांगते. मी एकवीस वर्षांची होते, वाशीत एका ऑफिसात टायपिंग करायचे. माझा मावसभाऊ हेमंतदादा जहाजावर इंजिन खात्यात होता. त्याने आदल्या वर्षी परदेशातल्या एका बंदरावरून मला एक कॅसेट आणून दिली. तिच्यात ना हिरो होता ना हिरॉइन. नुसता ठोका, त्याच्यावर मशीनमधून निघालेले चित्रविचित्र आवाज, आणि हे सगळं हळूहळू चढत जायचं. टेक्नो नावाचा प्रकार असतो हे मला तेव्हा कळलं. पहिल्यांदा ऐकल्यावर मी डेक बिघडला समजून दोनदा हेड साफ केलं. तिसऱ्यांदा ऐकताना उठून नाचायला लागले.

असली गोष्ट एकटीने ऐकवत नाही. सोसायटीच्या स्नेहसंमेलनात मला पाच मिनिटं मिळाली होती, त्यात मी ती लावली. दुसऱ्या मिनिटाला सेक्रेटरी काकांनी स्वतः येऊन प्लग काढला. माइक हातात घेऊन म्हणाले, "हे सुसंस्कृत लोकांचं संकुल आहे." वर कमिटीने ठरवलं की मी सोमवारपर्यंत लेखी माफी द्यायची. बाबांनी परस्पर हो म्हणून टाकलं.

आणि शनिवारी हेमंतदादाचा फोन आला. "जहाज लागलंय. उद्या संध्याकाळी सुटणार. तुझ्यासाठी आठ कॅसेट आणल्यात. मला लांब येता येणार नाही, तूच दुपारी गेटवर ये."

बाबा म्हणाले, "ट्रेलरवाल्यांच्या गर्दीत, एकटी, त्या धांगडधिंग्यासाठी? अजिबात नाही. घरी बस आणि ते पत्र लिही."

मी वॉकमन पर्समध्ये टाकला आणि निघाले.

आज जाणार असाल तर सोपं आहे, नेरुळहून थेट उरणला गाडी जाते. तेव्हा उरण फाट्यावर उन्हात उभं राहून एसटीला हात करायचा. मला अर्ध्या तासाने मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. वाटेतल्या किल्ल्याचं वळण मागे पडलं की बिल्डिंगा संपायच्या. एका बाजूला खाडी, पुढे मिठागरं, मिठाच्या पांढऱ्या ढिगांवर घातलेल्या झावळ्या. गव्हाण फाट्यानंतर रस्ता ट्रेलरांच्या ताब्यात. कंटेनर इतके जवळून जायचे की त्यांच्यावरची परदेशी नावं बोटाने गिरवता आली असती. शेजारच्या मावशींनी विचारलं, "बंदरावर कोन हाय तुजा?" मी म्हटलं, "भाऊ." त्यांनी समाधानाने मान हलवली. कॅसेटींचं सांगितलं असतं तर फाट्यापर्यंत समजावत बसल्या असत्या.

करळ फाट्याला उतरून खाऊन घ्या, हा माझा तेव्हाचा आणि आताचाही सल्ला. ट्रेलरवाल्यांच्या ढाब्यावरची डाळ आणि भट्टीतली रोटी, सोबत ठेचलेला कांदा. स्वस्त आणि पोटभर. त्या ढाब्यावर बाई मी एकटीच होते. पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांनी एकदा बघून घेतलं. मी दुसरी रोटी मागितली.

पुढे गेटपर्यंत सहा आसनी रिक्षा. हेमंतदादा बाहेर चहाच्या टपरीवर उभा होता, हातात बुटांचा खोका. तिथल्या सिक्युरिटीवाल्याला संशय आला.

"क्या है इसमें? दाखवा."

"कॅसेट आहेत," दादा म्हणाला.

"कसल्या?"

मी एक कॅसेट वॉकमनमध्ये घातली आणि हेडफोन त्याच्या कानाला लावले. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला. मग हेडफोन परत देत म्हणाला, "मॅडम, यात तर फॅक्टरी चालू आहे." आणि खोका बंद करून माझ्या हातात दिला.

दादाला निघायचं होतं. जाताना म्हणाला, "या कॅसेट घेतल्या त्या दुकानात पोरं रांग लावून उभी होती गं. मी विचारलं, नवीन काय आलंय? तर दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? म्हटलं, बहिणीसाठी. त्याने स्वतः निवडून दिल्यात." अख्ख्या जगात माझ्या आवडीला कोणी धांगडधिंगा न म्हणता इतक्या गंभीरपणे घेतलं होतं, तर ते एका अनोळखी दुकानदाराने.

परतीला करळ फाट्यावर ट्रेलरांची कोंडी. एसटीचा पत्ता नाही. तासभर उभी होते. मग एक टेम्पो थांबला, मागे रचलेले स्पीकर, पुढे नामदेव नावाचा ड्रायव्हर आणि शेजारी त्याची बायको. ती होती म्हणूनच मी जवळ गेले.

"कुटं जायाचं हाय, बाय?"

"नेरुळ."

"बस. जासईच्या अलीकरं हलदीला मशीन लावायची हाय. मंग फाट्यावर सोरतो."

मांडवात पोचलो तेव्हा चार वाजले होते. हळद लागत होती आणि धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी म्हातारी, पाटावर बसून गात होती. तिचं गाणं संपलं, नामदेवने स्पीकर जोडले, आणि माझा हात खोक्याकडे गेला.

"दादा, ही लावून बघाल?"

"कंच्या पिच्चरची?"

"कुठल्याच नाही."

त्याने खांदे उडवले आणि लावली.

बाबांनो, वॉकमनमध्ये ऐकणं वेगळं आणि माणसाएवढ्या स्पीकरमधून तो ठोका छातीत बसणं वेगळं. मांडवाचं कापड थरथरलं. पण लोक? नुसते बघत राहिले. नवऱ्याचा काका तावातावाने आला.

"नामा, मशीन बिगारली का रं?"

नामदेव माझ्याकडे बघू लागला. दुसऱ्यांदा प्लग निघणार होता, तोही परक्या गावात, परक्यांच्या कार्यात.

"बिघडली नाही काका," मी म्हटलं. "पाच मिनिटं ऐका. नाही आवडलं तर मी स्वतः बंद करते."

"तू कोनाची गो?"

"कोणाची नाही. मी नेरुळची."

तो प्लगकडे वळला. तेवढ्यात पाटावरून धवलारीण ओरडली, "गुमान बस रं! माजे पाय हलतान, मंग तुजं काय बिगारतंय?"

तिला कोण उलट बोलणार? ती उठली, कमरेवर हात ठेवून दोन पावलं टाकली. ठोक्याशी जुळत नव्हती, तिला त्याची पर्वा नव्हती. मग हळदीने माखलेल्या चार बायका उठल्या. मग करवल्या. मग मी. सांगायला दोनच ट्रॅक वाजले, नंतर काकाने हट्टाने नेहमीची गाणी लावायला लावली. पण ती पंधरा मिनिटं कोणी काढून घेऊ शकत नाही.

फाट्यावर उतरताना नामदेव म्हणाला, "याची कॉपी दे मना." माझ्याकडे कॉपी नव्हती. मी ओरिजनलच दिली. जिवाला चटका बसला, खोटं कशाला बोलू. पण घरात खोक्यात ठेवून तिचं काय लोणचं घालायचं होतं?

घरी पोचले तेव्हा बाबा टेबलापाशी. समोर कोरा कागद आणि पेन.

"चार ओळी लिही आणि विषय संपव."

"बाबा, चूक असती तर चाळीस लिहिल्या असत्या."

"मला या लोकांत राहायचंय."

"मलाही."

त्यांनी कागद उचलून खणात ठेवला. माझी बाजू घेतली असं नाही. फक्त माझ्याकडून लिहून घेता येणार नाही हे त्यांना कळलं. मला तेवढं पुरलं.

त्या प्रवासातून काय उरलं, असं विचाराल तर पाय दुखले, रंग काळवंडला, आणि एक गोष्ट पक्की समजली: ऐकायला माणसं असतात, फक्त आपण सेक्रेटरीलाच विचारत बसतो.

सोमवारी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली, आवारात 'आक्षेपार्ह यांत्रिक संगीत' वाजवण्यास मनाई. मी तिच्याखाली पेनाने लिहिलं: 'नवीन सात कॅसेट आल्या आहेत. कॉपी हवी असल्यास कोरी कॅसेट घेऊन बी विंग, चौथा मजला.'

आठवडाभरात तिघं आली. दोघे कॉलेजचे. तिसरी भर दुपारी, भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली कोरी कॅसेट लपवून. सेक्रेटरी काकांची सून.

"यात बोलणारं कोणी नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग दोन्ही बाजू भरून दे. घरात बोलणारे पुष्कळ आहेत."