मापावर बसलेला माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दादाचा फोन आला तेव्हा माझं माप संपलेलं होतं.

पुण्यात माझं काम म्हाताऱ्या ताऱ्यांचं वजन काढण्याचं. तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबूस पडतो. मग जड काय, हलका काय, दिसायला सारखेच. पण ते आतून थरथरतात, त्या थरथरीवरून वजन कळतं. जड ताऱ्यांभोवती मोठे ग्रह जास्त सापडतात असं दिसतं; वजन चुकलं तर ते नातंच खोटं ठरायचं.

त्या साली गावी, पिंपळगाव राजाला, आमच्या बीटी कपाशीत गुलाबी अळी शिरली. बोंडं बाहेरून हिरवीगार, आत किडलेली. दादा म्हणाला, "पऱ्हाटी उपटून टाकाची हाये. येतं काय चार दिवस? एकट्याची हिंमत होऊन नाही राह्यली."

असं तो कधी बोलला नव्हता. मला ते वावर बघवणार नव्हतं. म्हणालो, "दादा, ताऱ्याचं माप चालू आहे."

तो लगेच नरमला. आमच्याकडे वेचणीच्या संध्याकाळी बायांचा कापूस वावरातच काट्यावर मोजतात. मजुरी किलोवर; मोजणारा मध्येच उठला की संशय येतो. "मंग उठूच नको बे," तो म्हणाला. वर हसला, "दवात नको मापू पण. ओला तारा जड भरीन."

फोन उलटा ठेवून मी खोलीत नुसता बसून राहिलो.

उन्हाळ्यात गेलो. वावर मोकळं होतं. वहिनी वाढताना म्हणाली, "सारी एकट्यानंच उपटली. लोक इचारत, लहाना काऊन नाही आला? तं हे सांगत, तो मापावर बसेल हाये."

दादानं विचारलं, "कितीक भरला तुहा तारा?"

"वाटला त्याहून हलका." तेवढं खरं होतं. "एक ग्रह आहे त्याला. तारा आणखी फुगला की गिळेल."

"घरच्यालेच?" म्हणत तो हात धुवायला उठला.

अजूनही फोनवर तो आधी विचारतो, "मापावर तं नाही ना बसेल?" मी 'बसलोय' म्हणालो की मुकाट फोन ठेवून देतो.

त्या दिवशी माप संपलेलं होतं, मी जाऊ शकत होतो. हे त्याच्यासमोर बसून सांगणं मी दादाला अजून देणं लागतो.